घरांत बंदूक घ्यावयाची तर

गेल्या दिवाळींत सावलीच्या आमच्या घरीं आजोबांची सागवानी पेटी उघडली गेली. तींत त्यांची दुनळी बंदूक असते. नळ्या एका बाजूस, दस्ता एका बाजूस, दोन्ही तेलकट फडक्यांत गुंडाळलेलीं. निवडणूक आली कीं पोलीस ठाण्यांत जमा करावयाची आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणावयाची, एवढाच काय तो अलीकडे तिचा प्रवास. परवाना आमच्या थोरल्या काकांच्या नांवें आहे. त्यांनीं यंदा चंद्रपुराहून परवान्यावर दहा नवीं काडतुसें आणलीं होतीं. आमचा पुतण्या, वय वर्षें बावीस, नागपुरास शिक्षण संपवून नुकताच घरीं आलेला. त्यानें काकांच्या देखत नळ्या जोडल्या, एक काडतूस उजव्या नळींत सोडलें, आणि तें अलगद आंत जाऊन बसलेलें पाहून तो हर्षानें म्हणाला, "आबा, पाहा, कसें मापांत बसलें!"

मापांत बसलें, हाच तर घात होता. काडतुसाच्या डबीवर ७० मि. मी. असा आंकडा होता. हा आंकडा न उडविलेल्या काडतुसाच्या लांबीचा नव्हे, तर उडाल्यानंतर तोंडाच्या घड्या उलगडून जी लांबी होते तिचा. न उडविलेलें काडतूस त्याहून बरेंच आंखूड असतें, म्हणून ६५ मि. मी. चें, म्हणजे अडीच इंची, घर असलेल्या जुन्या बंदुकींत तें बिनबोभाट जाऊन बसतें. बार उडाला कीं घड्या उलगडून पुढें सरकतात, नळी जेथें निमुळती होत जाते तेथें त्या अडकतात, छऱ्यांची वाट अरुंद होते आणि दारूचा दाब एकाएकीं वाढतो. नवी मजबूत नळी हा अन्याय कदाचित् सोसेल. शंभराहून अधिक वर्षांची नळी सोसेलच असें नाहीं, आणि ती फाटते तेव्हां पुढचा हात नेमका तिच्याखालीं असतो. काकांनीं एक शब्द न बोलतां काडतूस काढून घेतलें व पेटीस कुलूप लावलें.

पुढें नागपुरास एका जुन्या कारागिरास ती बंदूक दाखविली. त्यानें नळ्या उलट्या करून खालच्या अंगावरील बारीक ठसे भिंगांतून वाचले. ते बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे होते; १८१३ मध्यें स्थापन झालेल्या या गृहांत प्रत्येक नळी नेहमीपेक्षां भारी बार भरून उडवून पाहावयाची आणि टिकली तर तिजवर मुद्रा उठवावयाची, असा प्रघात आहे. आमच्या नळ्यांवर धुराच्या काळ्या दारूची परीक्षा उतरल्याची मुद्रा होती. बिनधुराच्या दारूची नव्हती. शिवाय नळ्या दमास्कस पद्धतीच्या. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून त्या सळईभोंवतीं गुंडाळीत, तापवीत व ठोकीत ह्या नळ्या बनवीत. त्यामुळें त्यांच्या पाठीवर पैठणीच्या काठासारखी नक्षी उमटते. दिसावयास इतकी सुंदर वस्तु क्वचितच असेल. पण त्या प्रत्येक वळशाचा सांधा आंतून गंजला आहे कीं काय हें बाहेरून कळत नाहीं. कारागीर म्हणाला, "साहेब, हिला आतां बसवून खायला घाला." त्याचा सल्ला आम्हांस पटला.

ब्राह्मणाच्या घरीं बंदूक कशाला, असें कोणी विचारील. त्यांतून सावलीसारख्या गांवीं! १९३६ सालीं गांधी सेवा संघाचें संमेलन येथेंच भरलें होतें, त्यासाठीं गांधीजी येथें येऊन राहिले होते, आणि खादीच्या कामाकरितां ह्या गांवाचें नांव सर्वत्र झालें होतें. उत्तर असें, कीं आमचा भाग धानाचा आणि तलावांचा. धान निसवूं लागलें म्हणजे रानडुकरांचा कळप एका रात्रींत बांधीच्या बांधी उलथून टाकतो. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें प्रजेच्या हातांतील शस्त्रें गेलीं, तरी मालगुजार आणि मोठे शेतकरी यांस पीकरक्षणासाठीं परवाने मिळत. आजोबांचा परवाना त्यांपैकींच. ह्या कायद्याविषयीं खुद्द गांधीजींनीं १९१८ मध्यें खेडा जिल्ह्यांतील सैन्यभरतीच्या पत्रकांत फार कडक लिहिलें होतें. सबंध राष्ट्रास निःशस्त्र करणारा तो कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, असा त्याचा आशय होता. तेव्हां सावलीस बसून बंदुकीवर चार ओळी लिहिल्यानें फार मोठा अधर्म होतो असें आम्हांस वाटत नाहीं.

पण काळ पालटला आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. चांदा जिल्ह्याच्या जंगलांत परवाना काढून शिकार करावयाचे दिवस संपले. वाघाच्या शिकारीस १९७० मध्यें बंदी झाली, १९७२ मध्यें वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेच्या शिकारीचें उरलेंसुरलें दारहि लागलें. तलावावरील बदक, बांधींतला पाणलावा, माळावरचा तित्तर, ससा, चितळ, कांहींहि मारतां येत नाहीं. पीक खाणाऱ्या रानडुकराविषयीं किंवा रोह्याविषयींसुद्धां वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवांचून चाप ओढणें गुन्हा आहे. ज्यास आज छऱ्याची बंदूक चालविण्याची हौस आहे त्यानें मातीच्या थाळ्यांकडे वळावें, हें आमचें स्पष्ट मत आहे. आणि आमच्या पुतण्याचीहि हौस तीच होती.

ह्या थाळ्या नांवाच्याच मातीच्या. डांबर आणि चुनखडीची पूड यांच्या मिश्रणाची ११० मि. मी. व्यासाची, सुमारें १०५ ग्रॅम वजनाची ती बशी यंत्रानें हवेंत फेंकतात. पूर्वीं जिवंत कबुतरें सोडून नेमबाजी चाले. १९०० सालच्या पॅरिस येथील ऑलिंपिकांतसुद्धां ती झाली. अमेरिकेंत १८८० मध्यें लिगोव्स्की नांवाच्या गृहस्थानें मातीची थाळी काढली आणि कबुतरांचा पिच्छा सुटूं लागला. आज या खेळाचे मुख्य प्रकार दोन. ट्रॅपमध्यें थाळी समोरून, खंदकांतून, नेमबाजापासून दूर पळते, आणि कोणत्या कोनांत पळेल हें आधीं ठाऊक नसतें. स्कीटमध्यें दोन बाजूंच्या दोन मनोऱ्यांतून थाळ्या आडव्या जातात, त्यांची वाट ठरलेली असते, आणि नेमबाज आठ ठिकाणीं उभा राहून त्या फोडतो; मात्र थाळी दिसेपर्यंत दस्ता कमरेशींच ठेवावा लागतो. आपल्या देशांत बिकानेरचे महाराजा कर्णीसिंग यांनीं १९६२ मध्यें कैरो येथील जागतिक स्पर्धेंत ट्रॅपचें रौप्यपदक मिळविलें, रणधीरसिंग यांनीं १९७८ च्या आशियाई खेळांत सुवर्ण आणलें, आणि २००४ मध्यें अथेन्सला राज्यवर्धनसिंग राठोड यांनीं दुहेरी ट्रॅपचें रौप्य जिंकलें. महाराष्ट्राची ख्याति मात्र रायफलीची. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, आणि २०२४ मध्यें पॅरिसला कांस्य मिळविणारा स्वप्निल कुसळे, हीं सारीं नांवें रायफलीचीं आहेत.

रायफल आणि छऱ्याची बंदूक यांतला भेद ज्यास कळला त्यास बंदूक निवडण्याचें अर्धें शास्त्र कळलें. रायफलीस पुढें माशी असते आणि मागें खांच. दोन्ही एका रेषेंत आणून, श्वास रोखून, सावकाश चाप ओढावयाचा. छऱ्याच्या बंदुकीस पुढें एक मणी असतो, मागें कांहीं नसतें. मागची खांच म्हणजे आपला डोळा. थाळी ताशीं शंभर किलोमीटरांच्या वेगानें जात असतां मण्याकडे पाहण्यास सवड नसते; दृष्टि थाळीवर, आणि हात बंदूक उचलून आपोआप तेथें नेतात. आतां ही मागची खांच, म्हणजे डोळा, कोठें यावा हें कोण ठरवितें? दस्ता. गाल दस्त्यावर टेकला कीं डोळ्याची जागा पक्की होते. नळीच्या टोंकापासून डोळा सुमारें ९० सेंटिमीटरांवर असतो. दस्ता ३ मि. मी. नीं खालीं वर झाला तर ३६ मीटरांवर बार १२ सेंटिमीटरांनीं सरकतो. नळी बर्मिंगहॅमची असो, इटलीची असो कीं आपल्या कारखान्याची असो, तिची सारी कर्तबगारी ह्या लांकडाच्या तुकड्याच्या हातीं आहे. आणि बाजारांत जो तो जातो तो नळीवरचें नांव वाचतो!

याचा अनुभव आमच्या घरीं फार जुना आहे. आजोबांनीं ती बंदूक एका इंग्रज अंमलदाराच्या सामानाच्या लिलांवांत घेतली, असें काका सांगतात. साहेब सहा फुटांचा, आजोबा सव्वापांच. त्या काळच्या रीतीप्रमाणें दस्ता बराच खालीं वांकलेला. आजोबांचा गाल त्यावर टेकला कीं डोळा नळीच्या पाठीमागें बुडे, आणि बार नेहमी खालीं जाई. त्या काळीं बदकांवर बार टाकण्यास मनाई नव्हती. आसोला मेंढा तलावाच्या कांठीं एका हिंवाळ्यांत लहान असलेले आमचे काका त्यांच्याबरोबर गेले होते. अडईचा थवा उठला, दोन्ही बार झाले, आणि एक पक्षी पाय लोंबकळत ठेवून तसाच उडत पैलतीरीं गेला. संध्याकाळपर्यंत डोंगा फिरविला, पण तो सांपडला नाहीं. आजोबांनीं तेव्हांपासून पक्ष्यांवर बंदूक उचलली नाहीं. घरांत ह्याला पुण्यबुद्धि म्हणत. आम्हांस वाटतें, दस्ता दीड बोट वर असता तर तो पक्षी तत्काळ मेला असता, आणि आजोबांस ती संध्याकाळ पाहावी लागली नसती.

म्हणून बंदूक घेणारानें चोळी किंवा कोट शिवून घेण्यापूर्वीं माप देतात तसें आधीं आपलें माप पाहावें. दस्त्याची लांबी, म्हणजे चापापासून खांद्याकडील टोंकापर्यंतचें अंतर, हें पहिलें माप. दस्ता कोपराच्या खोबणींत धरून बोट चापावर पोंचतें कीं नाहीं हें दुकानदार करून दाखवितात. हें माप अंदाजाचें समजावें, कारण मान लांब कीं आंखूड, छाती रुंद कीं अरुंद, हें त्यांत कांहींच येत नाहीं. खरी परीक्षा अशी: बंदूक रिकामी असल्याची दोनदां खात्री करून, डोळे मिटून ती खांद्यास लावावी, गाल टेंकावा आणि मग डोळे उघडावे. नळीची पाठ अगदीं थोडी दिसली आणि मणी तिच्या मध्यावर आला तर ती बंदूक आपली. मणी एका अंगास गेला, अथवा नळीच दिसेनाशी झाली, तर ती दुसऱ्या कोणाची.

दुसरें माप दस्त्याचा वांक आणि तिसरें बाजूचा कल. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्यासाठीं दस्ता किंचित् उजवीकडे कललेला असतो, डावखुऱ्यासाठीं डावीकडे. इथेंच आमच्या पुतण्याची गोष्ट पुन्हा येते.

त्यानें तोंपर्यंत किंमतपत्रकें जमविलीं होतीं, आणि उजव्या हाताची एक बंदूक मनांत जवळजवळ निश्चित केली होती. आम्हीं त्यास म्हटलें, "अरे, आधीं डोळा तर पाहूं." ही परीक्षा घरांत कोणीहि करावी. हात लांब करून अंगठा व तर्जनी यांचें कडें करावें, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांतून अंगणापलीकडचा एखादा दिवा पाहावा, आणि मग डावा डोळा मिटावा. दिवा कड्यांतच राहिला तर उजवा डोळा बळकट. दिवा कड्याबाहेर उडाला तर डावा. पुतण्याचा दिवा उडाला. तीनदां पाहिलें, तीनदां उडाला. लिहितो उजव्या हातानें, जेवतो उजव्या हातानें, आणि डोळा डावा! असा मनुष्य उजव्या खांद्यास बंदूक लावून दोन्ही डोळे उघडे ठेवतो तेव्हां नेम त्याचा डावा डोळा धरतो, आणि बार थाळीच्या पुष्कळ डावीकडून जातो. चूक कोठें होते हें त्यास वर्षभर कळत नाहीं. ह्यावर उपाय दोनच. चष्म्याच्या डाव्या कांचेवर नेमक्या जागीं एक लहानशी धुरकट टिकली लावावी, किंवा बंदूकच डाव्या खांद्यावर न्यावी. नवशिक्यानें दुसरा उपाय धरावा, असें जाणते सांगतात, कारण त्यास मोडावयाची संवय अद्याप लागलेली नसते. म्हणजे मनांत ठरवून टाकलेली ती बंदूक त्याच्या कांहींच कामाची नव्हती.

बाकीच्या गोष्टी ह्यापुढें सोप्या आहेत. बोराचा आंकडा जितका मोठा तितकी नळी बारीक, हें पुष्कळांस उलटें वाटतें. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक जींत बरोबर बसेल ती बारा बोर. तिचा व्यास सुमारें १८·५ मि. मी. वीस गोळ्यांच्या हिशेबानें वीस बोर, ती १५·६ मि. मी. ची. घरच्या मुलीसुनांस शिकावयाचें असेल तर वीस बोर हलकी पडते असें म्हणतात. पण हलक्या बंदुकीचा झटका जास्त लागतो, हें म्हणणारे विसरतात. ग्रीनर नांवाच्या इंग्रज बंदूककाराच्या नांवावर एक ठोकताळा चालत आलेला आहे, कीं छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट बंदुकीचें वजन असावें. ३० ग्रॅम छर्रे उडवावयाचे तर बंदूक २·८८ किलोची हवी. थाळ्यांच्या स्पर्धांत छर्रे २४ ग्रॅमांचेच असतात, तरी तेथल्या बंदुका साडेतीन किलोंच्या व त्याहून जड असतात. कारण एका दिवसांत शंभरावर बार खांद्यानें सोसावयाचे असतात, आणि जड नळी एकदां फिरूं लागली कीं मध्येंच थबकत नाहीं.

नळ्या शेजारीं शेजारीं असाव्या कीं एकीवर एक? आजोबांच्या काळीं शेजारच्याच होत्या, आणि हातांत धरण्यास ती जात आजहि अधिक देखणी वाटते. पण थाळीच्या खेळांत एकीवर एक असलेल्या नळ्यांनीं बाजी मारली आहे. नजरेसमोर एकच अरुंद पाठ राहते, आणि पहिल्या बारानंतर तोंड कमी हलतें. नळीच्या टोंकाशीं जो किंचित् आकुंचितपणा असतो, ज्यास चोक म्हणतात, त्यावर छऱ्यांचा पसारा अवलंबून असतो. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळांत सरळ नळीचे शेंकडा ४० छर्रे पडतात, अर्ध्या चोकचे ६०, पुऱ्या चोकचे ७०. स्कीटची थाळी जवळून जाते, म्हणून तिला मोकळी नळी. ट्रॅपची दूर पळते, म्हणून आंवळलेली. पुष्कळ नव्या बंदुकांत हे चोक स्क्रूसारखे बदलतां येतात, तेव्हां त्यासाठीं डोकें शिणविण्याचें कारण नाहीं.

परदेशी बंदूक आणविण्याची मोकळीक नामांकित नेमबाजांपुरतीच आहे. इतरांस देशी कारखान्याची, नाहीं तर परवानेधारक दुकानदाराकडे आलेली जुनी, हेच मार्ग. जुनी घेतांना पुढचें लांकूड काढून, दस्ता धरून नळ्या हलवून पाहाव्या. सांधा खुळखुळला तर दूर ठेवावी. नळ्या सुट्या करून, आंकड्यास दोरी बांधून टांगाव्या आणि बोटाच्या पेरानें वाजवाव्या. देवघरांतील घंटेसारखा नाद निघाला तर जोड शाबूत. भद्द आवाज आला तर मधली पट्टी कोठें तरी सुटली आहे. उजेडाकडे धरून आंत पाहावें, गंजाचे खळगे आणि पोचे लगेच दिसतात. आणि घराची लांबी व ठसे वाचल्याखेरीज पैसे मोजूं नयेत.

परवान्याचें थोडक्यांत सांगतों. वयाचीं २१ वर्षें पुरीं झाल्याशिवाय तो मिळत नाहीं. लहान मुलांस शिकावयाचें तर मान्य संस्थेंत, देखरेखीखालीं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसास दोनच शस्त्रें ठेवतां येतात आणि परवान्याची मुदत पांच वर्षें झाली आहे. परवानेदाराचें वय ७० झालें, किंवा शस्त्र २५ वर्षें त्याजवळ राहिलें, तर २०१६ च्या नियमांप्रमाणें तो हयातींतच वारसाच्या नांवें अर्ज करवूं शकतो. एकत्र कुटुंबांत हें आधींच बोलून घ्यावें, नाहीं तर मागाहून भाऊभाऊ ठाण्याच्या पायऱ्या चढतात. बंदूक एका कुलपांत, काडतुसें दुसऱ्या, आणि दोन्ही किल्ल्या एका खिळ्यावर नकोत.

पुतण्यानें शेंवटीं कांहींच विकत घेतलें नाहीं. तो भोपाळला रेंजवर जाऊन संस्थेच्या बंदुकीनें, डाव्या खांद्यावरून शिकूं लागला. पहिल्या पंचवीस थाळ्यांत सात फुटल्या, असें त्यानें कळविलें. मागच्या महिन्यांत सोळा. सुटींत घरीं आला तेव्हां ओसरीवर हातांत काठी घेऊन तो डाव्या खांद्यास लावण्याचा सराव करीत होता. थोरल्या काकू तांदूळ निवडतां निवडतां बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "अडीच वर्षांचा असतांना हा डाव्या हातानें घांस घेई. मींच हातावर चापट मारमारून उजवा केला रे ह्याला." पुतण्या हंसला आणि म्हणाला, "काकूआजी, हात ऐकला तुझं. डोळा नाही ऐकला."

आजोबांच्या बंदुकीचा अर्ज काकांनीं अजून लिहिलेला नाहीं. पेटीचें कुलूप मात्र नवें आणलें आहे.